बिऱ्हाडाचा हक्क

(रायपूर येथील पुरानी बस्तीत मराठी वाचकांच्या सभेत केलेले भाषण)



भाड्याचे घर हा वस्तुतः वकिलाने, अर्थशास्त्रज्ञाने किंवा नगररचनाकाराने बोलण्याचा विषय आहे. माझे शिक्षण मराठी साहित्याचे आणि उपजीविका भाषांतराची. तरीही आपण मला बोलावलेत, याबद्दल मी आपली आभारी आहे. भाषांतर करणाऱ्याला एक सवय जडलेली असते. वाचक ज्या शब्दावरून सहज पुढे जातो, त्या शब्दापाशी त्याला थांबावे लागते. इंग्रजीतील ‘टेनंट’ या शब्दापाशी मी अशीच थांबले होते. आज जे सांगणार आहे त्याचा उगम त्या थांबण्यात आहे.

इंग्रजीत दुसऱ्याची शेती कसणारा ‘टेनंट’ आणि दुसऱ्याच्या खोलीत राहणाराही ‘टेनंट’च. मराठीने मात्र या दोघांना वेगळी नावे दिली. पहिल्याला आपण ‘कूळ’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘भाडेकरू’. नागपूरपासून रायपूरपर्यंतच्या बोलण्यात तो ‘किरायेदार’ होतो, एवढाच फरक. कूळ या शब्दात पिढ्यांचा संबंध गृहीत धरलेला आहे. कूळ आणि मालक यांच्यात अन्यायही पुष्कळ झाला. परंतु कुळाचा जमिनीशी काही संबंध आहे, हे मालकालाही नाकारता येत नव्हते. भाडेकरू या शब्दात असे काही नाही. तो महिन्याच्या महिन्याला जे देतो, तेवढीच त्याची ओळख. ज्या दिवशी तो देणार नाही, किंवा त्याच्यापेक्षा अधिक देणारा भेटेल, त्या दिवशी ती ओळखही संपते.

हा भेद कोशापुरता नाही. कायद्यातही तो उतरला आहे. मुंबई राज्यात १९४८ साली कुळवहिवाट व शेतजमीन कायदा झाला. पुढे १९५६ च्या दुरुस्तीने ‘कसेल त्याची जमीन’ या तत्त्वाला कायद्याचे रूप मिळाले आणि १ एप्रिल १९५७ हा दिवस ‘कृषक दिन’ ठरून कुळे जमिनीची मालक होऊ लागली. इकडे मध्य प्रदेशात १९५९ च्या भू-राजस्व संहितेने जमीनधारकाला ‘भूमिस्वामी’ ही संज्ञा दिली. या कायद्यांत पळवाटा होत्या, त्यांची अंमलबजावणी लंगडी होती, हे सर्व खरे. तथापि गावातील कुळाचा प्रश्न काय आहे आणि त्याचे उत्तर कोणत्या दिशेने शोधायचे, याविषयी समाजाच्या मनात संदेह उरला नव्हता. शहरातील भाडेकरूविषयी मात्र तो आजही आहे. त्याला नेमके काय द्यायचे, हेच आपण ठरवलेले नाही.

माझ्या मते त्याचे उत्तर असे आहे. शहरातील भाडेकरूला मालकी मागायची नाही. फुकट राहायचे आहे, असेही तो म्हणत नाही. त्याला हवी असते राहण्याची निश्चिती. वाजवी भाडे वेळेवर दिले, घर नीट राखले, शेजाऱ्यांना उपद्रव दिला नाही, तर सबळ कारणावाचून आपल्याला कोणी उठवणार नाही, एवढी खात्री त्याला हवी असते. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ असे आपण म्हणतो आणि हसतो. पण मुलाची शाळा, म्हाताऱ्या आईचा दवाखाना, धुण्याभांड्याची चार घरे आणि उधारी देणारा किराणा दुकानदार ही सर्व बिऱ्हाडाचीच अंगे आहेत, आणि ती पाठीवर घेऊन जाता येत नाहीत. घर बदलले की ती मागेच राहतात.

या पुरानी बस्तीत हे सांगण्याला एक औचित्य आहे. महामाया मंदिर, दूधाधारी मठ, बुढा तलाव यांच्या आसपासचा हा भाग म्हणजे रायपूरचा सर्वांत जुना वस्तीविभाग. परंतु येथील माणसे निरनिराळ्या काळी बाहेरून आलेली आहेत. भोसल्यांचे सैन्य अठराव्या शतकाच्या मध्यास छत्तीसगढात आले आणि त्यांच्या कारभाराबरोबर मराठी कुटुंबे आली. १८१८ नंतर इंग्रज अधिकारी अॅग्न्यू याने कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले आणि कचेऱ्यांमागून कारकून आले. मग रेल्वे आली. १९५९ मध्ये भिलाईच्या पोलाद कारखान्यात उत्पादन सुरू झाले आणि या सबंध पट्ट्यात कामगारांची रीघ लागली. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य झाले, रायपूर राजधानी बनले, आणि कचेऱ्या, दुकाने, इस्पितळे, बांधकामे यांच्या मागोमाग माणसे येतच राहिली. यांपैकी फारच थोड्यांनी आल्याबरोबर घर विकत घेतले असेल. बहुतेकांनी आधी बिऱ्हाड केले. आपल्यापैकी ज्यांची आज स्वतःची घरे आहेत, त्यांनी दोन पिढ्या मागे जाऊन पाहावे. बहुधा कोठेतरी भाड्याची एक खोली सापडेल.

माधवराव सप्रे यांचे स्मरण येथे साहजिकच होते. मराठी घरात जन्मलेल्या या माणसाने १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढले, ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले आणि १९२६ मध्ये याच रायपुरात देह ठेवला. भाषांतर हाही एका अर्थी परक्या घरात सन्मानाने राहण्याचाच उद्योग आहे. एका भाषेतला विचार दुसऱ्या भाषेत येतो तेव्हा तो तिथला मालक नसतो, पण उपराही राहत नाही. शहरानेही येणाऱ्या माणसाला असेच सामावून घ्यावे, ही अपेक्षा गैर नाही.

आता भाडेनियंत्रणाचा इतिहास थोडक्यात पाहू. पहिले महायुद्ध चालू असताना स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात घरभाडी भराभर वाढली. पुरुष आघाडीवर किंवा गोदीत होते. तेव्हा मेरी बार्बर आणि तिच्यासारख्या गृहिणींनी १९१५ साली भाडे देण्यास नकार दिला आणि घर रिकामे करवून घेण्यास येणाऱ्या बेलिफांना जिन्यातच अडवले. त्या वर्षाच्या अखेरीस ब्रिटिश संसदेला भाडेवाढ रोखणारा कायदा करावा लागला. मुंबईत असाच कायदा १९१८ साली झाला. म्हणजे आज ज्याला आपण रुक्ष कायदा म्हणतो, त्याच्या मुळाशी चुलीपाशी बसणाऱ्या बायकांचे धैर्य आहे. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तीच टंचाई निर्माण झाली आणि तिच्यातून मुंबईचा १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा जन्मला.

आपल्या जुन्या मध्य प्रांत व वऱ्हाडात १९४६ चा घरे भाड्याने देण्यासंबंधीचा कायदा आणि त्याखालील १९४९ चा भाडेनियंत्रण आदेश हा त्याचा अवतार. नागपूर या प्रांताची राजधानी आणि रायपूर त्यातील एक जिल्ह्याचे ठाणे. या आदेशाची रचना लक्षात घेण्यासारखी होती. भाडेकरार संपवण्याची नोटीस देण्यापूर्वीच घरमालकाला भाडे नियंत्रकाची लेखी परवानगी घ्यावी लागे. भाडे थकले, परवानगीवाचून पोटभाडेकरू ठेवला, उपद्रव दिला, मालकाला स्वतः राहण्यासाठी जागेची खरोखर गरज आहे, अशी काही ठरावीक कारणे दाखवल्यासच ती परवानगी मिळे. दिवाणी दावा त्यानंतरचा. इतकेच नव्हे, तर घर रिकामे झाले की मालकाने ते सरकारला कळवावे आणि सरकारने ते नोकरदाराला किंवा निर्वासिताला देववावे, अशीही तरतूद होती. फाळणीनंतरच्या त्या दिवसांत रिकामे घर ही खाजगी बाब मानली जात नव्हती.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेने विदर्भ आणि छत्तीसगढ वेगळे झाले. विदर्भात तो आदेश ३१ मार्च २००० पर्यंत चालू राहिला. रायपूरला १९६१ चा मध्य प्रदेश स्थान नियंत्रण कायदा लागू झाला. त्यानेही भाडेकरूला काढण्याची कारणे मोजून दिली होती. ती मोजकी कारणे हेच भाडेकरूचे खरे संरक्षण होते.

परंतु या कथेची दुसरी बाजू सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मुंबईच्या १९४७ च्या कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधले. युद्धकाळात हे न्याय्य होते. पण तो तात्पुरता कायदा पुन्हा पुन्हा मुदतवाढ घेत अर्धशतक चालला. कर, मजुरी, चुना, सिमेंट सर्व महागले. भाडे तेवढे जागच्या जागी राहिले. मग मालकाने डागडुजी सोडली. जिने कुजले, छपरे गळू लागली. सरकारला १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला आणि जुन्या इमारतींवर उपकर बसवावा लागला. एकोणीस हजारांहून अधिक इमारती त्याच्या कक्षेत आल्या. तेवढ्यानेही भागले नाही. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून तेहेतीस माणसे मृत्यू पावली. भाडे स्वस्त होते, पण घर सुरक्षित नव्हते.

गोठवलेल्या भाड्याने आणखी एक अनर्थ केला. नियमाप्रमाणे मिळणारे भाडे नगण्य, म्हणून मालक आत येतानाच मोठी रक्कम घेऊ लागला. तीच पागडी. ज्याच्यापाशी पागडी होती त्याला घर मिळाले. ज्याच्यापाशी नव्हती, तो झोपडपट्टीत किंवा पदपथावर गेला. आधी आलेल्या भाडेकरूचे रक्षण झाले, पण त्याच्यामागून येणाऱ्यासाठी दार बंद झाले. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली या गोठवणुकीला अवाजवी ठरवले. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्याने दर वर्षी चार टक्के भाडेवाढीस मुभा दिली आणि पागडीलाही कायद्याच्या चौकटीत आणले.

म्हणून भाडेकरूच्या हक्कासाठी बोलणाऱ्याने हे प्रथम मान्य करावे की गोठवलेले भाडे म्हणजे हक्क नव्हे. पुरानी बस्तीसारख्या वस्तीत घरमालक हा गिरणीमालक नसतो. निवृत्त मास्तर, मागे राहिलेली विधवा, वाडवडिलांच्या घराच्या तीन वाटण्या झालेल्यांपैकी एखादा भाऊ, असा तो असतो. मागच्या दोन खोल्यांचे भाडे हेच त्याचे पेन्शन. त्याला वाजवी उत्पन्न मिळाले नाही, तर कौले फुटतील आणि त्यांखाली भाडेकरूच भिजेल.

एका टोकाच्या या चुकीवर दुसऱ्या टोकाला जाऊन उपाय करता येतो काय, हा खरा प्रश्न आहे. छत्तीसगढने १९६१ च्या कायद्याच्या जागी २०११ चा भाडेनियंत्रण कायदा आणला. त्यात पुष्कळ चांगले आहे. भाडेकरार लेखी असावा, असा आग्रह आहे. मालक आणि भाडेकरू या दोघांचे हक्क व कर्तव्ये परिशिष्टांत वेगवेगळी मांडली आहेत. भाडे नियंत्रक आणि त्यांच्यावर न्यायाधिकरण, अशी स्वतंत्र यंत्रणा उभी केली आहे. पण मालकाच्या हक्कांच्या यादीत एक कलम असे घातले गेले की भाडेकरूला सहा महिन्यांची लेखी नोटीस देऊन, कोणतेही कारण न सांगता, जागा परत मागता येईल. विधवा, सरकारी नोकर अशा विशेष वर्गांतील मालकाला स्वतःच्या वापरासाठी जागा हवी असेल, तर ही मुदत एक महिन्याची.

‘कोणतेही कारण न सांगता’ या शब्दांपाशी मी पुन्हा थांबले. १९४९ च्या आदेशाने कारण आधी मागितले होते. १९६१ च्या कायद्याने कारणांची यादी दिली होती. २०११ च्या कायद्याने कारण सांगण्याची जबाबदारीच काढून घेतली. त्यावर तोल म्हणून एक अट ठेवली आहे: अशा रीतीने रिकामी केलेली जागा पुढील बारा महिने अधिक भाड्याने देऊ नये. वाचताना ही अट फार समंजस वाटते. भाडे वाढवण्यासाठीच कोणाला काढू नये, हा तिचा हेतू उघड आहे. पण ही अट पाळली जाते की नाही, हे पाहणार कोण? जो भाडेकरू गेला, तो दुसऱ्या मोहल्ल्यात गेला. मागून आलेल्या भाडेकरूला आधीचे भाडे ठाऊक नसते. ठाऊक असले तरी तक्रार करून आपलेच छप्पर तो धोक्यात का घालील? आणि नियंत्रकापुढे तक्रार आली नाही, तर त्याला हे कळणार कसे? ज्या हक्काला राखणदार नाही, तो कागदावर असूनही नसल्यासारखाच असतो. या प्रश्नाचे सर्व मर्म मला येथे दिसते.

याच कायद्यात आणखी एक कलम होते. न्यायाधिकरणाच्या निर्णयावर थेट सर्वोच्च न्यायालयात अपील करण्याची सोय त्यात ठेवली होती. हेतू कदाचित खटले लवकर मिटावेत असा असेल. पण रायपुरातील एका खोलीच्या वादासाठी दिल्ली गाठणे कोणत्या भाडेकरूला परवडले असते? सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १० डिसेंबर २०१९ रोजी हे कलम राज्य विधिमंडळाच्या अधिकाराबाहेरचे ठरवून रद्द केले. निर्णय अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर झाला. सामान्य वाचकाने त्यातून आणखी एक बोध घ्यावा: न्याय जवळ नसेल, तर तो गरिबाच्या उपयोगाचा नसतो.

येथपर्यंत मी ज्यांच्यापाशी कागद आहे, अशा भाडेकरूंविषयी बोलले. पण अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत राहणारी, चार घरची कामे करणारी बाई. तलावाच्या पलीकडे तिघांत एक खोली घेऊन राहणारे बांधकामाचे मजूर. गावाहून शिकायला आलेली मुले, यांच्यापाशी कागदच नसतो. करार तोंडी, भाडे रोख, पावती नाही. वाद झाला की पाण्याचा नळ बंद होतो, विजेची तार तुटते, किंवा कामावरून परत यावे तो दाराला दुसरेच कुलूप. पावती नसल्याने ‘मी येथे राहत होते’ हेच सिद्ध करता येत नाही. पत्त्याचा पुरावा नसला की शिधापत्रिका, बँकेचे खाते, मतदारयादीतील नाव, मुलाचा शाळाप्रवेश या प्रत्येक ठिकाणी अडचण उभी राहते. भाड्याची पावती हा कागदाचा क्षुद्र तुकडा नव्हे. शहराने दिलेली ती पहिली सनद आहे.

याचे मोल सर्वांना २०२० साली कळले. टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा मजुरी थांबली, भाडे थांबले नाही. २९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने आदेश काढला की कामगारांकडून एक महिन्याचे भाडे मागू नये आणि त्यांना घर सोडण्यास भाग पाडू नये. आदेश योग्यच होता. पण ज्याचा भाडेकरार कोठेही नोंदलेला नाही, त्याला तो लागू करणार कसा? लक्षावधी माणसे चालू लागली. आपल्या टाटीबंध चौकातूनही त्यांचे तांडे झारखंड, बिहार, ओडिशाकडे जाताना आपण पाहिले. शहरात त्यांचे काम होते, पण त्यांचे बिऱ्हाड आहे, हे शहराने कधी मान्यच केले नव्हते.

आता घरांच्या संख्येकडे वळू. हक्क कितीही चांगले असले, तरी घरेच अपुरी असतील तर त्यांचा उपयोग मर्यादित. केंद्र सरकारच्या तज्ज्ञगटाने २०१२ साली शहरी घरांची तूट सुमारे १ कोटी ८८ लाख असल्याचा अंदाज दिला आणि त्यातील पंचाण्णव टक्क्यांहून अधिक तूट आर्थिकदृष्ट्या दुर्बल व अल्प उत्पन्न गटांची असल्याचे सांगितले. त्याच्या एकच वर्ष आधी, २०११ च्या जनगणनेत, शहरांतील सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली होती. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. एकीकडे माणसांना घर नाही, दुसरीकडे घरात माणूस नाही. ही रिकामी घरे सर्वच गरिबांना परवडणारी नव्हती, हे खरे. पण भाडेकरूला आत घेतले तर तो निघणार नाही, या भयाने दाराला लावलेली कुलुपेही त्यांत आहेत. म्हणजे निष्काळजी कायद्याने मालकाचा विश्वास उडाला आणि त्याची किंमत घर शोधणारा मोजतो आहे.

आपल्याकडील गृहयोजनांचा दुसरा दोष असा की त्या जवळजवळ सर्व मालकीच्या आहेत. कर्ज घ्या, घर घ्या, मालक व्हा. परंतु ज्याची मिळकत दिवसागणिक बदलते, जो चार महिने येथे आणि आठ महिने गावी असतो, त्याला हप्ता परवडत नाही आणि मालकीची गरजही नसते. त्याला कामाजवळ, स्वच्छ, वाजवी भाड्याची खोली हवी असते. १९८४ मध्ये मध्य प्रदेशाने शहरातील भूमिहीनांना सरकारी जमिनीवर पट्टे देण्याचा कायदा केला. ते मोठे पाऊल होते. त्याने झोपडीत राहणाऱ्याच्या मनातील उद्याची भीती कमी केली. पण खाजगी घरात भाड्याने राहणारा त्या पट्ट्यात बसत नव्हता. २०११ च्या गणनेप्रमाणे शहरी कुटुंबांपैकी सत्तावीस टक्क्यांहून अधिक भाड्याच्या घरांत होती. एवढा समाज आपल्या योजनांच्या नजरेतून जणू निसटलेला आहे.

सार्वजनिक पैशाने भाड्याची घरे बांधणे ही कल्पना आपल्याला परकी नाही. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि त्याने कामगारांसाठी चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका ट्रस्टच्या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे बावीस वर्षे राहिले. १९२० नंतरच्या काही वर्षांत विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे दोनशेहून अधिक चाळी उभ्या केल्या. तेथील एकेक खोली एकशेसाठ चौरस फुटांची. ही घरे कोंदट होती, त्यांत पुष्कळ उणिवा होत्या. तरी गिरणीकामगारांच्या पिढ्या त्यांनी सांभाळल्या. त्याच सुमारास, १९२३ ते १९३४ या काळात, व्हिएन्ना शहराने साठ हजारांवर भाड्याची घरे बांधली. त्यांतील कार्ल मार्क्स होफ या एकाच संकुलात १,३८२ घरे आणि त्यांच्याबरोबर धुलाईगृहे, बालवाड्या आणि वाचनालय. व्हिएन्नाने ती घरे विकून टाकली नाहीत. शहर आजही त्यांचे मालक आहे, आणि त्यामुळे खाजगी घरमालकालाही भाडे फार चढवता येत नाही. आपण मात्र जे थोडे बांधले तेही सांभाळले नाही. केंद्र सरकारने २०२० मध्ये परवडणाऱ्या भाडे-संकुलांची योजना आणून या विस्मृत विचाराला पुन्हा हात घातला, ही समाधानाची गोष्ट आहे.

मग आपण काय मागावे? मी पाच गोष्टी सुचवते. पहिली, सबळ आणि सिद्ध करता येईल अशा कारणावाचून भाडेकरूला काढता येऊ नये. कारणे मोजकी असावीत, पण मालकाच्या खऱ्या गरजेला त्यांत स्थान असावे. दुसरी, भाडे गोठवू नये आणि मोकाटही सोडू नये. महागाईच्या मानाने दर वर्षी वाढेल, असे ते कायद्याने बांधावे. तिसरी, प्रत्येक भाड्याला पावती आणि प्रत्येक भाडेकराराची वॉर्ड कार्यालयात विनामूल्य नोंद. ही नोंद असली, तर बारा महिने अधिक भाडे न घेण्याच्या अटीला राखणदार मिळेल. कराराचा नमुना हिंदीत आणि छत्तीसगढीत, एका पानाचा असावा. वकिलावाचून समजला पाहिजे. अनामत रकमेलाही मर्यादा हवी. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याने ती राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याइतकी सुचवली आहे. चौथी, लहान घरमालकाला डागडुजीसाठी स्वस्त कर्ज आणि करात सूट. बदल्यात त्याने करार नोंदवावा. पाचवी, नगरपालिकेने स्वतःच्या मालकीची भाड्याची घरे बांधावीत, आणि ती बाजार, इस्पितळे, बसस्थानक यांच्या जवळ बांधावीत. शहराबाहेर पंधरा मैलांवर दिलेले स्वस्त घर जाण्यायेण्याच्या खर्चाने महागच पडते.

यांपैकी तिसऱ्या गोष्टीसाठी सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. येथे घरमालकही बसले आहेत, भाडेकरूही. पुढच्या महिन्याच्या भाड्याबरोबर पावती देण्यास आणि मागण्यास कोणता कायदा आड येतो? मालकांनी ती न मागता द्यावी. भाडेकरूंनी ती संकोच न करता मागावी. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांना येथील तरुण वाचकांनी लिहून द्यावी. वाचनालय हे केवळ पुस्तकांचे घर नसते. महिन्यातून एक संध्याकाळ ते पावत्यांचे आणि करारांचेही घर होऊ शकेल.

कुळाला न्याय मिळण्यास या देशाला फार काळ लागला. भाडेकरूच्या बाबतीत तो आणखी लांबू नये. या शहरात माणसे येतच राहणार, कारण हे शहरही तशाच आलेल्या माणसांनी वसवले आहे. त्यांना मालकी देता आली नाही तरी चालेल. पण ती जोवर येथे राहतात, तोवर हे त्यांचे घर आहे, असे म्हणण्याचा हक्क त्यांना असला पाहिजे.